कंदिलाचा दसरा

केशवराव : काच उलटी घाल, शालिकराम. उलटी घातली की चित्र सुलटं दिसतं. फळ्यावर घसा फोडून शिकवलं ना तुला?

शालिकराम : उलटीच घातली, गुरुजी. पाहा ना, पडद्यावर हत्ती आपल्या पायांवर उभा आहे.

केशवराव : मग त्याच्या कपाळावर तो काळा गोळा कसला?

शालिकराम : तेच पाहून राहिलो.

केशवराव : ‘पाहतो आहे.’

शालिकराम : तेच पाहतो आहे.

केशवराव : घटकाभरात शाळा तपासायला दिपोटीसाहेब येतील. त्यांच्यासमोर असं ‘पाहून राहिलो’ म्हणालास तर पाठ गेला. पाठ गेला की सर्टिफिकेट गेलं, आणि तेल्हाऱ्याच्या शाळेतली जागा दुसराच कोणी पटकावणार.

शालिकराम : माहीत आहे, गुरुजी. मग मला वलगावच्या मळ्यात जन्मभर वांग्यांना पाणी द्यावं लागेल. म्हणून तर दसऱ्याच्या सुट्टीत हा जादूचा कंदील घरी नेला. सराव व्हावा म्हणून.

केशवराव : माझ्या जबाबदारीवर नेलास. विसरू नकोस. दिपोट्यांनी यंदा नवीनच टूम काढली, की नॉर्मल शाळेत मास्तरकी शिकणाऱ्या प्रत्येक उमेदवारानं कंदिलावर पाठ घेऊन दाखवावा. आणि तोही दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी! पुढची काच घाल.

शालिकराम : हा उंट.

केशवराव : उंटाच्याही कपाळावर?

शालिकराम : हो.

केशवराव : भिंगावर माशी बसली असेल.

शालिकराम : माशी असती तर एका जागी बसली असती, गुरुजी. हत्ती आला तेव्हा ती मधोमध होती, उंट आला तशी वर सरकली. कपाळ हुडकून बसणारी माशी मी तरी पाहिली नाही.

केशवराव : वाद नको. पुढची.

शालिकराम : देवमासा. याले तं दोन आहेत. एक तोंडाकडं, एक शेपटाकडं.

केशवराव : ‘याला.’ अरे, काचांना देवी आल्या की काय!

शालिकराम : आणि पोटावर हे काळं, लांबट, भोपळ्याएवढं. थांबा, काच काढून पाहतो. गुरुजी, तांदूळ आहे. चिकटला आहे.

केशवराव : तांदूळ?

शालिकराम : अक्षता. आणि हे काळं नाही, लाल आहे. कुंकू आहे, गुरुजी.

केशवराव : कुंकू! शालिकराम, तुझ्या घरी कोण कोण असतं?

शालिकराम : माय. आम्ही दोघंच. परवा खंडेनवमीला मी दिवसभर इथं अमरावतीच्या बाजारात झेंडू विकत होतो. घरी माय एकटी होती. कंदील अन् माय.

केशवराव : कुठे आहेत त्या?

शालिकराम : बाहेर व्हरांड्यात बसली आहे. पोराची परीक्षा पाहायला आली. माये! ओ माये, आत ये जरा!

तानुबाई : आली, आली. झाली का परीक्षा? झाला का माहा शालिक मास्तर? घ्या गुरुजी, भरताचे वांगे आणले तुमच्यासाठी. सकायीच तोडले.

केशवराव : वांगी राहू द्या, तानुबाई. या काचांना तुम्ही काही लावलंत का?

तानुबाई : लावलं तं! असं कसं नाई लावणार? खंडेनवमीले कुदळ पुजली, इळा पुजला, तराजू पुजला, मोट पुजली. मंग पोराचं अवजार तेवढं बिनापूजेचं ठेवू का?

केशवराव : अवजार? बाई, ते शास्त्रीय उपकरण आहे!

तानुबाई : असंन. कुदळीवर आमचं पोट, त्याच्यावर त्याचं. अवजारच झालं ना ते?

केशवराव : मग कंदिलाला एक टिळा लावायचा आणि मोकळं व्हायचं! काचांच्या वाटेला कशाला गेलात?

तानुबाई : कंदिलालेबी लावला. हार घातला. पन पेटी उघडून पायली तं आत मानसं, जनावरं. घरी आलेल्या पाहुन्यायले कोरडं कसं पाठवाव? एक एक काच उन्हात धरली, डोकं कोन्तं ते पायलं, अन् बरोब्बर कपाळावर लावलं. त्या माशाचं तोंड कोन्तं अन् शेपूट कोन्तं समजलं नाई. म्हणून दोन्हीकडं लावलं.

शालिकराम : माये, तेलात कालवलं होतं का कुंकू?

तानुबाई : मंग! कोरडं कुंकू काचीले धरते का?

केशवराव : आणि तेच पडद्यावर काळं दिसतं. अर्थात! अपारदर्शक पदार्थानं उजेड अडवला की सावली पडते. नियम नववा.

शालिकराम : गुरुजी, नववा राहू द्या. शेवटची, विलायतेच्या बादशहाची काच?

तानुबाई : तो मुकुटवाला? त्याले तं चांगला ठसठशीत लावला. त्याच्या बाईले लावतानी मातर हात थांबला. तिचा मालक जिता हाये का नाई, मले काय मालूम? मंग मारोतीच्या गुरवाले इचारून आले. तो म्हणे, हाये जिता. मंग लावलं.

केशवराव : बादशहाच्या कपाळाला ठसठशीत! पडद्यावर परातीएवढा डाग दिसेल! आणि समोर दिपोटीसाहेब! राजद्रोह आहे हा! तानुबाई, माझी पेन्शन दोन वर्षांवर आली आहे हो!

तानुबाई : कुंकू लावलं जी, काजळ तं नाई फासलं त्याले.

केशवराव : शालिकराम, तो हत्ती आण इकडे. माझ्या उपरण्यानं पुसतो. थोडं घासलेट लावलं की तेल सुटतं.

शालिकराम : गुरुजी, जरा दमानं. ते रंग हातानं भरले आहेत.

केशवराव : मला शिकवू नकोस. हं. हं! निघालं! बघ, कुंकू निघालं!

शालिकराम : सोंडबी निघाली.

केशवराव : काय?

शालिकराम : सोंड. उपरण्याले लागली पाहा.

तानुबाई : डुक्कर झालं जी ते.

केशवराव : तुम्ही गप्प बसा!

शालिकराम : गुरुजी, रागावू नका, एक विचारू का? तुम्ही याआधी कधी काच पुसली होती?

केशवराव : तसा प्रसंग आला नाही.

शालिकराम : कंदील पेटवला होता?

केशवराव : उपकरण जपावं लागतं. पेटवलं की काजळी धरतं. म्हणून मी ते कुलपात ठेवतो आणि फळ्यावर शिकवतो. आकृती काढून. रंगीत खडूनं.

तानुबाई : म्हणजे यायनंबी आजच पायला!

शालिकराम : माये, चूप ना.

केशवराव : टांगा! टांगा थांबला! आले! आता एकाही काचेला हात लावू नकोस. आहेत तशा दाखव. बादशहाची तेवढी गाळ.

शालिकराम : गाळता येत नाही. टाचणात शेवटची काच म्हणून तुम्हीच लिहायला लावली. साहेब टाचण हातात धरूनच बसतात.

केशवराव : मग मी बाहेर थांबतो. इथे धुरानं गुदमरायला होतं.

शालिकराम : गुरुजी! मले एकट्याले सोडून?

केशवराव : पाठ तुझा आहे. चला, तानुबाई, चला.

(व्हरांडा. आत साहेब आणि पाठासाठी बसवलेली शाळेतली पोरं. वर्गाच्या खिडकीवर अंधारासाठी घोंगडी टांगलेली. घोंगडीला एक भोक आहे आणि भोकाला केशवरावांचा डोळा.)

तानुबाई : काय दिसते जी?

केशवराव : अंधार.

तानुबाई : मंग कायले पाहून राहिले?

केशवराव : हळू बोला! हं, कंदील पेटला. पोरं ओरडली. हत्ती आला.

तानुबाई : कोन्ता? तुमचावाला?

केशवराव : माझावाला. साहेब पुढे वाकले. पोरांना विचारताहेत, हा कोणता प्राणी.

तानुबाई : काय म्हणते पोट्टे?

केशवराव : एक म्हणतो म्हैस. एक म्हणतो पाटलाचा गोऱ्हा. अरे देवा, साहेब शालिकरामकडे वळले. विचारताहेत, “याची सोंड कुठे आहे?”

तानुबाई : आता सांगते तो तुमचं नाव.

केशवराव : सांगेल. सांगायलाच हवं त्यानं.

तानुबाई : काय म्हणला? अवो, बोला ना!

केशवराव : म्हणाला, “साहेब, माझ्या हातून पुसली गेली.”

तानुबाई : खोटं बोलला! माहा शालिक खोटं बोलला! कधी बोलत नाई जी तो. तुमच्यापायी बोलला!

केशवराव : हो, बाई. माझ्यापायी. मला लाज वाटते आहे, तुम्ही आणखी ओरडू नका. थांबा! तो हात का पुढे करतो आहे? कंदिलासमोर धरला हात. कोपरापासून लोंबकळत... अहो, सोंड आली!

तानुबाई : कोणाले?

केशवराव : हत्तीला! त्याच्या हाताच्या सावलीची! हलते आहे! वर गेली, खाली आली! पोरं टाळ्या वाजवताहेत. हे कुठल्या नियमात आहे? मी तर कधी शिकवलं नाही.

तानुबाई : वांग्यावर रानडुकरं येते ना मळ्यात, तं रात्री राखनीले बसल्यावर कंदिलासमोर असेच हात करून लहानपनी हसवे मले. माकड करे, कुत्रं करे. साहेब हसला का?

केशवराव : अंधारात समजत नाही. उंट गेला. देवमासा आला. साहेब उठून पडद्यापाशी गेले. विचारताहेत, हे काळे डाग कसले. शालिकराम कंदिलाची वात सारखी करतो आहे. संपलं. सगळं संपलं.

तानुबाई : मी जाऊन सांगू का आत? म्या लावलं म्हणून?

केशवराव : मुळीच नाही! ऐका, पोरंच ओरडली. “कुंकू! कुंकू!”

तानुबाई : पोट्ट्यायले बरं समजलं लगेच. तुमाले नाई समजलं.

केशवराव : परवा सगळ्यांच्याच घरी लावलं असेल ना. साहेब खुर्चीवर बसले. आता बादशहा येईल. तानुबाई, तुम्ही पाहा. मला पाहवत नाही.

तानुबाई : सरका. हं. आला जी मुकुटवाला. लय मोठा दिसते! माह्या बोटाचा एवढा टिळा व्हते का? शोभून राहिला पन. अवो!

केशवराव : काय झालं?

तानुबाई : पोट्टे उठून उभे राहिले. समदे. हात जोडून.

केशवराव : हात जोडून? कोणाला?

तानुबाई : मुकुटवाल्याले. देव समजले असतीन. मुकुट हाये, टिळा हाये, माथ्यावर अक्षता हाये. अजून काय पायजे?

केशवराव : आणि साहेब?

तानुबाई : तो इकडं पायते, तिकडं पायते. आता उठला. खुर्ची पाडली. टोपी काढून उभा राहिला. एकदम ताठ!

केशवराव : बादशहाला सलामी! त्यांना वाटलं, पोरं बादशहाला वंदन करताहेत! मग त्यांना बसून राहता येईल का? नोकरी आहे त्यांना! सरका, मला पाहू द्या. खरंच की. सगळे उभे. आता पोरांनी एक एक हात पुढे केला. उजवा. हे काय?

तानुबाई : प्रसाद मांगून राहिले. हात जोडले, आता प्रसाद नोको का?

केशवराव : साहेबही बघताहेत त्यांच्याकडे. तेसुद्धा... तानुबाई, साहेबांनीही हात पुढे केला. त्यांना वाटलं, ही शपथ आहे राजनिष्ठेची!

तानुबाई : अरे बापा! माह्याजवळ तं वांगेच हायेत.

केशवराव : दिवा मालवला. अंधार. काही दिसत नाही. खुर्ची सरकली. दार वाजलं. तानुबाई, मला जरा भिंतीला टेकू द्या.

शालिकराम : गुरुजी! माये!

केशवराव : साहेब कुठे आहेत?

शालिकराम : गेले मागच्या दारानं. टांगा खोळंबला होता.

केशवराव : काय म्हणाले?

शालिकराम : म्हणाले, एवढी राजनिष्ठा वऱ्हाडातल्या एकाही शाळेत पाहिली नाही. पाठ पास. तेल्हाऱ्याचा हुकूम पाठवतो म्हणाले. फक्त सोंडेसाठी शेरा दिला, की उमेदवाराला उपकरण जपता येत नाही.

तानुबाई : पास म्हणजे झाला ना रे तू मास्तर?

शालिकराम : झालो, माये. रडून कायले राहिली?

तानुबाई : रडीन नाई तं काय करू! वलगावात म्या मागच्या दिवाळीपासून सांगून ठेवलं व्हतं, मास्तर झाला म्हणून. आता खरं झालं एकदाचं!

केशवराव : तो शेरा माझा होता, शालिकराम.

शालिकराम : जाऊ द्या ना, गुरुजी. तुमची पेन्शन आहे.

केशवराव : आणि मी तुला एकट्याला टाकून बाहेर पळालो.

शालिकराम : पळाले कुठं? भोकातून तुमचा डोळा दिसून राहिला होता मले. हत्ती आला तेव्हा एवढा मोठा झाला होता. म्हटलं, गुरुजी आहेत.

केशवराव : तेल्हाऱ्याला कधी निघशील?

शालिकराम : हुकूम आला की.

केशवराव : तोवर रोज शाळा सुटल्यावर येत जा. पुढच्या वर्षी नवे उमेदवार येतील. हा कंदील पेटवायचा कसा, काच धरायची कशी, आणि ती हाताची सोंड... मला एकदा पहिल्यापासून दाखव.

तानुबाई : काय म्हणते रे ते? अजून वांगे पायजे का?

शालिकराम : नाई, माये. शिकवायले ये म्हणते.

तानुबाई : कोणाले शिकवायले?

शालिकराम : गुरुजीले.

तानुबाई : मंग जाय ना, मास्तर, उभा काहून? पन छडी मारजो नोको बापा, म्हातारा जीव हाये.