हीटरची बाटली आणि यादगिरीची काच

जबाब देणार: श्रीनिवास रामराव देऊळगावकर. वय ६७ वर्षे. धंदा: पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. राहणार: कुकटपल्ली, हैदराबाद. भाषा: मराठी. लिहून घेणार: ठाण्याचे हेड कॉन्स्टेबल, मूळचे मुधोळचे, मराठी जाणतात.

आज सोमवारी ठाण्यात बोलावल्यावरून मी समक्ष हजर होऊन सांगतो की, शुक्रवारी दुपारी यादगिरी यांच्या मोटारीच्या सामानाच्या दुकानातली शोकेसची काच माझ्यामुळे फुटली. पोलिसांना शेजारच्या दुकानदारानं बोलावलं. यादगिरींनी तुम्हाला सांगितलं की 'सार'च्या, म्हणजे माझ्या, हातून बाटली निसटली. भला माणूस आहे तो. निसटली वगैरे काही नाही, मी फेकली. तसंच लिहा, सारवासारव नको.

घरात मी आणि पत्नी मालती, दोघंच. ती नारायणगुड्याच्या एका शाळेत शिकवायची. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार इथल्या हिमायतनगरच्या दवाखान्यात डायलिसिस असतं. मशीनवरून उठली की ती कुडकुडत बाहेर येते. लोक म्हणतात, हैदराबादेत कसली आलीय थंडी! अहो, तिला मे महिन्यातही वाजायची. शाल, मोजे, कानटोपी, सगळं करून झालं. कुकटपल्लीपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये तिचे दात वाजत असतात आणि मी सिग्नलकडे बघत बसतो. दुसरं करणार काय?

गाडी तिची. ती शाळेत घेऊन जायची, मी जन्मभर बसनं गेलो. आता मी चालवतो. हीटरचं बटण पार लाल खुणेपर्यंत फिरवलं तरी वारा गारच. म्हणून यादगिरींकडे गेलो. त्यांनी इंजिनाच्या पाण्यात ओतायच्या औषधाची एक बाटली दिली. "ये कूलंट में डालो सार, हीटर मस्त गरम होता." मी घरी बॉनेट उघडून स्वतः ओतली. पुढच्या खेपेला येताना मालतीला विचारलं. ती म्हणाली, "आज जरा बरं वाटतंय." मी हात लावून पाहिला, मला वारा तसाच लागला. पण म्हटलं, आपला हात राठ, ज्याची थंडी त्याला कळणार. यादगिरींना मुद्दाम जाऊन सांगून आलो, फरक आहे म्हणून. मग त्यांनी त्याहून भारी बाटली दिली. मग आणखी एक. दर वेळी मालती म्हणायची, बरं वाटतंय.

शुक्रवारी नवी बाटली घेतली. तिच्यावर लिहिलं होतं की आधी रेडिएटर धुऊन घ्या. म्हणून खाजाभाई मेकॅनिककडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं आणि हसायलाच लागले. "साब, हीटर का पाइप तो किसीने काटके बाहरीच जोड डाला. पानी अंदर जाताच नै. कुछ बी डालो, क्या होता?" इंजिनाचं गरम पाणी हीटरमधून फिरतं, त्यावरून वारा येतो तो गरम होतो, एवढीच ती भानगड. आमच्या गाडीत पाणी तिथं पोचतच नव्हतं. आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार! मी विचारलं, पाइप नीट असता तर या बाटलीनं हीटर जास्त तापला असता का? ते म्हणाले, आत गाळ साचला असेल तर थोडा फरक, नाहीतर काही नाही. आयुष्य पाणीपुरवठ्यात घालवलं मी, आणि पाणी पोचतंय का एवढं बघितलं नाही.

बाटली हातात तशीच होती. दुकानात जाऊन मी यादगिरींना चोर म्हणालो, लफंगा म्हणालो, त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "सार, मैं हर बार पूछा ना आपकू. आपीच बोले, मॅडम कू अच्छा लग रा बोलके." खरं होतं ते. तेव्हा मी बाटली फेकली. राग यादगिरींवर नव्हता. शिव्या त्यांना दिल्या, त्याबद्दल मी माफी मागतो, काचही बसवून देतो.

घरी जाऊन मालतीला विचारलं. पुढचं तपासाला लागत नाही असं हेड कॉन्स्टेबल म्हणाले. मी म्हटलं, लागत असो नसो, लिहा.

ती म्हणाली, पाइप मीच बंद करायला सांगितला होता. शाळेत नोकरीला असताना हीटर गळायचा, पायाशी सगळं ओलं व्हायचं. शाळेजवळच्या मेकॅनिकनं विचारलं, हैदराबादेत हीटर कशाला हवा? ती हो म्हणाली आणि विसरली. मी दुसरी बाटली आणली तेव्हा तिला आठवलं.

मी ओरडलो. "मग बोलली का नाहीस? मी आपला वेड्यासारखा ओततोय!"

"अहो, ओतताना तुम्ही शीळ घालत होता. किती महिन्यांनी."

"अगं, पण हीटर दुरुस्त तरी केला असता."

ती म्हणाली, "ही थंडी बाहेरची नाही हो. हीटर चालू झाला आणि तरी वाजली, तर मग तुम्ही काय कराल?"

  देवाशप्पथ सांगतो, ते ऐकण्यापेक्षा तिनं मला मूर्ख म्हटलं असतं तर परवडलं असतं.

हीटर आता चालतो का, असं विचारल्यावरून सांगतो की, चालतो. खाजाभाईंनी त्याच रात्री दुसरा हीटर टाकून पाइप जोडून दिले. शनिवारी हिमायतनगरहून येताना पूर्ण सोडला होता. माझा सदरा घामानं भिजला, मूसापेटच्या सिग्नलला चष्मा काढून तोंड पुसावं लागलं. मालती शाल गच्च धरून बसली होती. मी विचारलं. ती म्हणाली, "आता छान ऊब आली." डायलिसिसचा त्रास होत नाही असंही ती म्हणते. रात्री झोप लागते असं म्हणते. मी आता यातलं कुठलं धरून चालू?

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर हेड कॉन्स्टेबलनी मला मराठीत मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटी 'पत्नीस ऊब मिळाली' असं लिहिलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'ऊब आली असं पत्नी म्हणाली' असं केलं. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही केली.