सान जिमिन्यानोची वेस

नाही राजस, ते फ्लॉरेन्स नाही — सान जिमिन्यानो, टेकडीवरचं जुनं गाव. तुझे आई-बाबा येतायत म्हणतोस तर इटलीत त्यांना तिथे नेच — म्हणजे... गुडघे कसे आहेत त्यांचे? नाही, सहज विचारलं. बहात्तर बुरूज होते म्हणे, आता चौदा उरलेत. शेजाऱ्यापेक्षा आपला उंच, एवढ्याचसाठी बांधलेले — आपल्या इथल्या प्लेनोतल्या घरांसारखंच की यार! गाडी खाली लावायची, दगडी वेशीतून आत शिरलं की नुसता चढ. गेल्या ऑक्टोबरात माझी आई होती ना बरोबर. आमची छोटी अनिका तापानं फणफणलेली, म्हणून शुभा तिच्यापाशी हॉटेलातच राहिली. आम्ही दोघंच गेलो. वेशीपाशीच आईचे गुडघे धरले. म्हटलं, तू बस इथे, तासाभरात येतो — आणि हलू नकोस हं, हरवशील.

तासाभरात कसला येतोय? चौकातली विहीर पाहिली, चर्च पाहिलं — भिंती भरून चित्रं रे, माणूस मान वर करून बघतच राहतो — मग मोठ्या बुरुजाला लाइन, दोनशे अठरा पायऱ्या, वरून हा फोटो. फोन? तिच्या फोनला रोमिंग मीच घेतलं नव्हतं — तिला कशाला लागतंय म्हणून. साडेतीन तास झाले. खाली आलो तर आई तिथेच, पदर मांडीवर ओढून बसलेली. ऊठ म्हटलं तर उठेना. मग कळलं. टॉयलेट पन्नास पावलांवर होतं — पण मी हलू नको म्हटलं होतं ना! नागपुरात हेडमिस्ट्रेस होती रे ती, अख्खी शाळा चळाचळा कापायची.

रागावली? छे. रागावली असती तर बरं झालं असतं. माझं जॅकेट कमरेला गुंडाळून गाडीपर्यंत चालली, आणि गाडीत हळूच म्हणाली, शुभाला सांगू, पाण्याची बाटली सांडली. आणि मी काय केलं? हॉटेलात शिरल्या शिरल्या मीच म्हणालो — अगं, आईनं बाटली सांडली बघ अंगावर! आईनं! वर हसलोसुद्धा. आईपण हसली. यंदा ये म्हटलं तर म्हणते, नको रे, तुम्हाला अडचण. शुभा म्हणते, आईंना आपल्याकडे करमत नसेल — आणि मी मान डोलावतो.

हे तुला कशाला सांगतोय मी? तू पार्किंग कुठे करायचं ते विचारायला आलास... थांब. गराज उघडलं. शुभा आली. नाही, चहाचं राहू दे आता, पुन्हा कधीतरी — तू जा.