किल्टवाला सुतार आणि तिरकं कपाट

तुम्ही सगळे विचारता ना, आमच्या आखातातल्या, अल बर्शाच्या घरच्या किचनमधलं कपाट तिरकं का? ते लावायला स्कॉटलंडचा सुतार आला होता. तो रोज किल्ट घालूनच काम करतो. गुडघ्यापर्यंतचा खाकी घागराच म्हणा, फक्त हातोडीला खिसा असलेला. शिडी डगमगायला लागली, म्हणून मी आणि नऊवारीतल्या सासूबाईंनी ती खालून धरली.

वरून तो विचारतो, "मॅडम, जरा बघा, सरळ आहे का?"

आम्ही दोघी फरशीकडे बघत म्हणालो, "परफेक्ट! यल्ला, चला, ठोका!"

तो गेल्यावर माना वर केल्या, तर कपाट हे असं.

सासूबाई म्हणाल्या, "शिडी चढायची तर माणसानं आधी कासोटा घालावा."