स्पॅनिशमधलं आमचं घर

तुमी हसा खुशाल, पण पुण्यातल्या नोकरीपायी मी तीन महिने स्पॅनिश शिकलो. त्यातले दोन महिने नुसते 'वर', 'खाली', 'मागं', 'जवळ' ह्यांच्यात गेले. आपण 'घरामागं' म्हणून मोकळे होतो. त्या थोर लोकांना 'मागं' आधी लागतं, घर नंतर.

शेवटी मोबाईलवर तोंडी परीक्षा आली. कंपनीच्या मॅडमनं स्पॅनिशमधून विचारलं, तुझं घर कुठं आहे? मी घोकूनच बसलो होतो: कापसाच्या जिनिंगच्या मागं, पिठाच्या गिरणीजवळ. तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी बसलेले आमचे आबा म्हणाले, "काय विचारून राहिली ती?"

"आपलं घर कुठंय म्हणून."

"काहून, येऊन राहिली का?"

मी काही बोलायच्या आत मोबाईल त्यांच्या हातात. "बाई, आमच्या गावाला, जवळा बाजारला उतरा. स्टँडवर कोणालाबी माझं नाव सांगा, लोक दारात आणून सोडतेत." अन् घरात आवाज दिला, "चहा ठेवा."

माझं 'मागं' अन् 'जवळ' घशातच राहिलं. मॅडमनं नापास केलं. आबांना म्हणलं, "गेली नोकरी."

आबा म्हणाले, "ते राहू दे. कोणत्या गाडीनं येणार, ते विचारलं का न्हाई?"