पणजोबांची स्लाइड

लोकेश : ती शेवटची स्लाइड काढ, मैत्री.

मैत्री : का पप्पा? उद्या स्प्रेकबर्ट आहे माझी. सगळ्या वर्गासमोर बोलायचंय.

समता : लोकेश, आधी नीट ऐकून तरी घे. पोरगी आठवडाभर राबतेय. सांग गं पुन्हा, पहिल्यापासून.

मैत्री : ओके. अमेरिकेत साउथला गुलाम हवे होते, नॉर्थला नको होते. नवीन स्टेट आलं की भांडण, इथे गुलाम चालणार की नाही? दरवेळी थोडं तुमचं, थोडं आमचं करून मिटवायचे. मग पार्लमेंटमध्ये रूलच केला, गुलामगिरीबद्दलचे अर्ज वाचायचेच नाहीत.

समता : मग मिटलं?

मैत्री : नाऽही! नंतर एका मेंबरनं दुसऱ्याला तिथेच काठीनं मारलं, बेशुद्ध पडेपर्यंत. मग इलेक्शन झालं, साउथवाले देशातून बाहेर पडायला लागले, अँड देन वॉर.

लोकेश : छान झालंय. इथेच थांब.

मैत्री : पण टीचर म्हणाली, शेवटी आपल्या फॅमिलीचं सांगा. सुरिनामच्या मुलीनं तिच्या पूर्वजांचं सांगितलं, उसाच्या मळ्यातलं. मी पणजोबांचं सांगणार. गावची मेलेली गुरं त्यांनीच ओढायची. नाही म्हणायचं नाही.

लोकेश : ती गुलामगिरी नव्हती.

मैत्री : मग काय होतं?

समता : सांग ना. मलाही ऐकायचंय.

लोकेश : तू तिला चढवू नकोस. वर्गात अवनी आहे. तिचा बाबा सारंग माझा टीम लीड आहे. मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट वाढवणं त्याच्या हातात. नोकरी गेली की हॉलंडचं परमिट गेलं, मग हे रायस्वाइकचं घर आणि हिची शाळाही गेली.

समता : सारंग तसा वाटत नाही रे.

लोकेश : पुण्याच्या ऑफिसातलेही वाटत नव्हते. त्यांना माझी जात कळली, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावरून मला कुणी उठवलं नाही. तेच एकेक करून उठले.

मैत्री : म्हणून आपण इकडे आलो?

समता : हो, बाळा.

मैत्री : पप्पा, नॉर्थला पळून आलेल्यांना पकडून परत न्यायचा पण लॉ होता. ते रस्त्यात कुणी नुसतं बघितलं तरी घाबरायचे.

लोकेश : जा, झोप आता.

मैत्री : आणि... सॉरी. अवनीला मी सांगून टाकलंय. शुक्रवारी, सायकली लावताना.

लोकेश : काय? काय म्हणाली ती?

मैत्री : म्हणाली, माहितेय. तिच्या बाबाला पण माहितेय, तू जॉइन झालास तेव्हापासून.

समता : बघ!

लोकेश : काय बघ? इतकी वर्षं मी त्याच्यासमोर शब्द तोलून बोलतोय, आणि तो गप्प? चांगुलपणानं गप्प, की वेळ यायची वाट बघतोय?

समता : मला नाही माहीत.

लोकेश : मलाही नाही. भीती वाटते, समता.

मैत्री : काढू का स्लाइड?

लोकेश : पणजोबांचं नाव घातलंस का त्यात?

मैत्री : नाही. तू कधी सांगितलंच नाहीस.

लोकेश : बबन. बबन म्हणायचे त्यांना. इथे, वरच्या ओळीत घाल.

मैत्री : म्हणजे स्लाइड ठेवू? अवनी असेल समोर.

लोकेश : असू दे. तू लिही.