वाटेत ओतलेलं पाणी

...आणि वर म्हणतात काय, तर "ताण घेऊ नकोस!" अहो, मी घेतोय का? मी निवांत झोपलो होतो! म्हणजे झोपलो नव्हतो, डोळे मिटून मनगटाची हाडं मोजत होतो, आठ असतात, माझी दर वेळी सातच भरत होती... आणि सकाळी सहाला आजी उशाशी. "स्पास, झोप लागली का रे?" आता हिला काय सांगू?

तुम्हाला सांगतो, अॅनाटॉमीची तोंडी, तिसरी खेप. एकशे बारा प्रश्न, त्यातला एक चिठ्ठीत निघणार. सहापैकी तीन मिळाले तर सुटलो, दोन मिळाले तर अख्खं वर्ष गेलं. मला काही सहा नको होते हो. तीन!

आता आमच्या प्लोव्दिव शहरात कुणी परीक्षेला निघालं की त्याच्या वाटेत पाणी ओततात, काम पाण्यासारखं वाहतं व्हावं म्हणून. ठीक आहे! एक माणूस, एक तांब्या! पण आजीने जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला सांगितलेलं, "आमच्या स्पासची तिसरी वेळ आहे हो, मागच्या दोन्ही वेळी पाणी कमी पडलं!" म्हणजे मी अभ्यास केला नव्हता हे कुणाच्या ध्यानीमनी नाही, दोष कुणाचा? पाण्याचा!

चौथ्या मजल्यावर आजीने तांब्या रिकामा केला. दुसऱ्यावर झ्लातका काकू भलंमोठं पातेलं घेऊन दारात. "थांब रे, माझं पाणी ओलांडल्याशिवाय जायचं नाही!" आणि फस्सकन सगळं माझ्या बुटांत! "ताण घेऊ नकोस हं, माझा भाचा पाच वेळा नापास झाला. आता फरश्या बसवतो. सुखात आहे!" बरं वाटलं हो ऐकून, फार बरं वाटलं... आणि तळमजल्यावर किर्चो काका. अग्निशमन दलातून रिटायर झालेले! त्यांचं तांब्या-पातेल्याने काय होणार? त्यांनी बादली आणली, आणि तीही अर्धा तास आधीच बाहेरच्या पायरीवर ओतून ठेवली. "म्हटलं, तुझा खोळंबा नको." अहो काका, जानेवारी आहे! उणे सहा आहे!

पहिलं पाऊल टाकलं मात्र... जो वाहत गेलो तो थेट कचऱ्याच्या डब्यापर्यंत. उजवा हात खाली, मी वर. आणि खिडक्यांतून टाळ्या! "बघा, कसा सुरळीत गेला!"

परीक्षेच्या खोलीत चिठ्ठी डाव्या हाताने उचलली. मनगटाची हाडं! परीक्षक बोयाजियेवा बाई चष्म्यावरून बघतायत. "बोला." सात बोललो. आठवं येईना. बाई म्हणतात, "सावकाश आठवा, ताण घेऊ नका." खरं सांगतो, मला रडू फुटायचं बाकी होतं. आई तिकडे जर्मनीत परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, ती काय मी फरश्या बसवाव्यात म्हणून?

"हात का लपवताय? चिठ्ठ्या लिहून आणल्यात?" नाही हो बाई... दाखवला. टम्म सुजलेला! बाईंनी अंगठ्याच्या मुळाशी जी खळगी असते ना, तिच्यात बोट घातलं आणि दाबलं.

"स्कॅफॉइऽऽऽड!"

असा ओरडलो की बाहेर रांगेतल्या दोन मुली परस्पर घरी गेल्या.

"बरोबर," बाई म्हणाल्या, "आणि मोडलंय." आणि तीन मार्क लिहिले. पास! हसू का रडू कळेना, मी दोन्ही केलं.

मग डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "सहा आठवडे याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. बाकी ताण घेऊ नकोस." घरी येऊन आजीला सांगितलं. ती बोटांवर मोजत बसली. "आणि तुझी पुढची तोंडी कधी रे?"

म्हटलं, सातव्या आठवड्यात.

"मग जमलं!" म्हणाली, आणि जिन्यात जाऊन किर्चो काकांना हाक मारली.