बंगल्याची रीत

माहेरापासून सांगू का? मंग माहेर माझं बोदवडकडचं, स्टेशनाजवळच्या वस्तीतलं, बाप मालगाडीवर हमाली करे, आम्ही चौघी बहिनी, मी दोन नंबरची, शाळा चौथीपर्यंत. दिलं इकडं पारोळ्याच्या अंगाले, तर पहिलं वरीसभर सासूचं बोलनंच मले समजे ना. ती म्हने, काय शे व, बठ्ठं सांडी टाकं, आनि मी नुसती तिच्या तोंडाकडे पाहे, आता काय सांडलं म्या; बठ्ठं म्हनजे सगळं, हेबी मंग कळलं. तिकडची बोली वेगळी, इकडची वेगळी. आता माझी अशी खिचडी झाली की बोदवडले गेली तर भाऊ हसतो, इथं बोलली तर इथले हसतात, तुम्हीबी हसा ताई, मले काही वाटत नाही.

मालक माझे या बंगल्यावर राखनदार व्हते. बंगला म्हनजे हाच, तुम्ही आता ज्याच्या ओट्यावर बसल्या तो. समोर हे पानी आहे ना, त्या तलावाची पाळ बांधाले जो इंग्रज साहेब आला व्हता त्यानं सोताले राहाले बांधला, असं सासरे सांगत, त्यांच्या बापानं त्या पाळीवर दगड वाह्यले व्हते. साहेब गेला, मंग बंगला या हातातून त्या हातात, मधी कितीक वरसं इथं नुसती वटवाघळं. स्वयंपाकघराच्या मागं ती खोली दिसते का, निळ्या दाराची, पहिले तिथं साहेबाचा खानसामा राहे म्हने. तिच्यात माझा संसार झाला, तिच्यातच पोरगा झाला, आनि मालकाले उचललं तेबी तिथूनच.

जळगावच्या शेठनी बंगला घेतला तवा मालक जिते व्हते. रंग दिला, वटवाघळं हाकलली, पुढं हिरवं लॉन केलं, आनि लग्नाले भाड्यानं द्याले सुरुवात केली. सावद्याकडचे केळीवाले, धुळ्याचे दुकानदार, सुरतचे पाहुने, बठ्ठे याले लागले, कारन असं पानी आनि अशा पायऱ्या दुसऱ्या कोन्या कार्यालयाले नाहीत. मंग दोन वरसात मालकाले छातीचं दुखनं झालं. दवाखान्याचं बठ्ठं शेठनीच पाह्यलं, खोटं कशाले बोलू. तेराव्याले सोता आले, म्हनले, अक्का, तू कुठं जाऊ नको, बंगला सांभाळ, खोली तुझीच आहे. तुझीच म्हनले. बंगला सांभाळशील तवापर्यंत तुझी, हे काही बोलले नाहीत, पन मले समजलं.

पोरगा सुरतले आहे, साडीच्या कारखान्यात. त्याच्याकडं मी एकदा पंधरा दिवस राहून पाह्यलं. एक खोली, तिच्यात तो, सून, दोन लेकरं आनि सुनेची आई. मी ओट्याखाली झोपे, पाय लांब केला का गॅसची टाकी लागे. सून वाईट नाही हो, जागाच वाईट. मंग शेठचा फोन आला, अक्का कधी येतेस, पार्टीवाले तुलेच विचारतात. आता माझ्यासारखीले कोन कशाले विचारीन? तेच तर सांगाचं आहे तुम्हाले.

झालं असं, मालक गेल्यावरची पहिलीच लगीनसराई. सावद्याकडची नवरी व्हती, आई नसलेली, आई त्याच वरसी गेलती तिची. सकाळपासून तिले कोनी सोडे ना. मावश्या इकडं ओढत, मेंदीवाली तिकडं, फोटोवाला म्हने हसा मॅडम, आनि तिकडं नवऱ्याचा मामा रुसून बसला का मले फेटा बांधला नाही. पोरगी माझ्याकडं आली, पानी मागाले आली, आनि तांब्या हातात धरून म्हनली, अक्का, मले कुठं तरी जराशी बसू द्या ना, एकटीले. तेवढंच म्हनली. मालक गेल्याचं दुख ताजं, मलेबी तसंच वाटे, कोनी बोलू नाही, कोनी धरू नाही.

म्या तिले तलावाच्या पायऱ्यावर नेलं, खालच्या पायरीवर बसवलं आनि वरती सोता उभी राह्यली. आल्या मावश्या. म्हनल्या, नवरीले इथं कशाले आनली? माझ्या तोंडून निघून गेलं, बंगल्याची रीत आहे. कसली रीत? म्या म्हनलं, इथं लगीन लागाच्या पहिले नवरी अर्धा घंटा पान्याजवळ एकटी बसते, तवा तिच्याजवळ कोनी जात नाही, साहेबाच्या मडमेपासून चालत आलं. आता मडम इथं आलती का नाही हेबी मले माहीत नाही. पन रीत म्हनलं का बाया थांबल्या. मी रागावली असती, हात जोडले असते, तर ऐकलं नसतं कोनी, रीत म्हनलं तर फोटोवालाबी मागं सरला. पोरगी अर्धा घंटा बसली, रडली, तोंड धुतलं, उठली. जाताना माझा हात दाबला तिनं. आयुष्यात म्या कोनाले एवढं मोठं काही दिलं नव्हतं.

तिथंच मिटलं असतं तर मी तुम्हाले ही गोष्ट हसून सांगितली असती. पन शेठची सून, आमच्या वहिनी, बुकिंगचं त्याच पाहतात, त्या गच्चीवरून पाहत व्हत्या. दुसऱ्या दिवशी मले बोलावलं, म्हनल्या, अक्का, इतकी सुंदर परंपरा तुम्ही आम्हाला सांगितलीच नाही. म्या म्हनलं, वहिनी, सांगाले काही नव्हतंच. त्यांना वाटलं मी लाजते. त्यांनी त्या रीतीचं नाव ठेवलं जलएकांत. पुढच्या सराईले ते बुकिंगच्या कागदावर छापून आलं, फाटकाजवळ पाटी लागली, शंभर वर्षांची परंपरा. म्या तोंडानं टाकलेलं बी, त्याले वहिनींनी खतपानी घातलं.

मंग त्याच्यात एक एक भर पडत गेली. फुलाचं ताट आलं, पान्यात सोडाचे दिवे आले, बासरीचं गानं आलं. मले नऊवारी आली, नथ आली, शेवटी नवरीले मोठ्यानं आशीर्वाद द्याचं आलं. म्या म्हनलं, वहिनी, मी अशी, मले कुंकू कशाले? तर म्हनल्या, अक्का, फोटोत कपाळ रिकामं दिसतं. गोड बोलतात त्या, कधी आवाज चढवत नाहीत, म्हनूनच नाही म्हनता येत नाही. दर लग्नाले ते कुंकू लावते आनि रात्री खोलीत येऊन पुसते. मालकाचा फोटो भिंतीवर आहे, पुसेपर्यंत त्याच्याकडं पाहत नाही. आनि एकटी बसाचं म्हनाल तर आता नवरीच्या डाव्या अंगाले एक फोटोवाला, उजव्या अंगाले एक, डोक्यावर ते घूं घूं करनारं ड्रोन, आनि दोन पायऱ्या वरती मी. अर्ध्या घंट्याचे दहा मिनिटं झाले. त्या दहा मिनिटात तिनं पान्याकडं पाहाचं, मंग मान वळवाची, मंग पुन्हा पाहाचं, कारन पहिल्यांदा केस आडवे आले.

एकदा मन घट्ट करून शेठकडं गेली. म्हनलं, शेठ, ते बठ्ठं खोटं आहे, म्या त्या पोरीसाठी म्हनलं व्हतं. शेठ खूप हसले. म्हनले, अक्का, कोनती रीत आभाळातून पडते, कोनी तरी पहिल्यांदा बोललेलीच असते. आता मागं फिरू नको, लोकांनी तिच्यासाठी तारखा घेतल्या आहेत, आनि तू नाही तर दुसरी बाई आनावी लागेल, तिले राहाले खोली द्यावी लागेल. हसत हसतच म्हनले, चहा पाजला मले. मी घरी आली आनि निळ्या दाराले आतून कडी लावून बसली. राग शेठचा नाही आला, माझाच आला, का म्याच आपल्या हातानं हे गळ्यात घालून घेतलं.

मागच्या सराईचं सांगते. धुळ्याकडची पोरगी व्हती, शिकलेली, चष्म्याची. नवरी म्हनून चष्मा काढाले लावला व्हता, तर पायऱ्या उतरताना माझा हात धरून उतरली. खाली बसली, म्हनली, अक्का, मला पाणी दिसतच नाही, नुसतं पांढरं दिसतंय. म्या म्हनलं, असू दे, फोटोत दिसते. त्या दिवशी वहिनींनी माझ्या पदराले तो बारका माईक लावला व्हता, आशीर्वाद नीट ऐकू यावा म्हनून. फोटोवाला हेडफोन कानाले लावून कट्ट्यावर बसलेला. आनि पोरगी समोर पाहत, तोंडावर हसू तसंच ठेवून मले अगदी हळू म्हनली, अक्का, मला हे लग्न नको आहे.

माझा हात आपोआप माईकवर गेला. छातीशी घट्ट दाबला. ती म्हनली, मागून बाहेर जायला दार आहे का? दार आहे ताई. मागं पान्याच्या पंपाजवळ आहे, रस्त्यावर निघते. मी तोंड उघडलं आनि माझ्या डोळ्यापुढं पहिले काय आलं माहीत आहे का, ती पोरगी नाही, माझी खोली आली, माझी खाट आली, सुरतचा तो ओटा आला. आनि म्या म्हनलं, पोरी, ऊठ, हळद लागली आहे, लोक जेवाले बसले आहेत.

तिनं माझ्याकडं मान वळवली. चष्मा नव्हता, माझं तोंड तिले दिसलं का नाही देव जाने, मले तर तिचं साफ दिसलं. म्हनली, हो, बरोबर आहे. उठली, माझाच हात धरून वरती चढली आनि मांडवात गेली.

पुढं तिचं काय झालं म्हनाल, तर वहिनी म्हनतात मजेत आहे, वहिनींनी मोबाईलवर टाकलेल्या त्या दिवसाच्या व्हिडिओखाली तिनंच लाल बदाम टाकले. मजेत असेल. असावी. तो व्हिडिओ मात्र गाजला बाप्पा. त्याच्यात आवाज बंद पडलेला, नवरी हसते आहे, आनि वरती मी छातीवर हात ठेवून उभी. लोकाले वाटलं, अक्काचं काळीज भरून आलं. आता दर पार्टी म्हनते, अक्का, तो हात ठेवतात तसा ठेवा ना. वहिनी सकाळीच आठवन देतात, हात विसरायचा नाही. कोनाले सांगू, का तो हात कशावर ठेवला व्हता म्या?

परवा पुन्हा तारीख आहे, चाळीसगावकडची पार्टी, नऊवारी इस्त्रीले गेली आहे. एक सांगते तुम्हाले, हे मी शेठले नाही, पोरालेबी नाही सांगितलं. आता मी हात ठेवते ना, तर माईक त्याच्याखाली पक्का दाबते आनि तोंड न हालवता नवरीले म्हनते, पोरी, काही सांगाचं असलं तर आता सांग, कोनाले ऐकू जात नाही. पोरी हसतात. एक म्हने, अक्का, भूक लागली. एक म्हने, पिन टोचते आहे मागून. तेवढंच. मंग हात काढते आनि मोठ्यानं आशीर्वाद देते, सुखात राहा, लेकराबाळाची हो, मनापासून देते.

पन कोनी एखादी खरंच बोलली तर मी दार दाखवीन का, हे मले आजबी माहीत नाही ताई. विचारते मात्र दर वेळेले. आनि विचारल्यावर तिनं तोंड उघडेपर्यंत माझाच जीव धाकात असतो, ती भूक लागली म्हनली का मीच सुटते, पुढच्या तारखेपर्यंत.